केतुचारापासून गॅमा-किरणांपर्यंत

माळव्यातील धार आणि देवास ही नावे मराठी माणसाला परकी नाहीत. अठराव्या शतकात उदाजी, आनंदराव, तुकोजी आणि जिवाजी या पवारांनी त्या मुलखात आपली ठाणी बसविली. देवासास तर थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थाने एकाच गावात शेवटपर्यंत नांदली. या पवारांनी आपला वंश ज्या परमारांशी जोडला, त्या परमारांपैकी भोजराजाची धारानगरी म्हणजेच आजची धार. पवारांच्या तलवारीविषयी आणि भोजाच्या विद्वत्सभेविषयी आपण पुष्कळ ऐकले आहे. आज मला या प्रदेशाच्या निमित्ताने एका निराळ्याच प्रश्नाकडे वळावयाचे आहे. कसलीही पूर्वसूचना न देता आकाशात जे तेज एकाएकी प्रकट होते आणि थोड्या काळात मावळते, त्याची दखल मनुष्याने कशी घेतली, त्याचे प्रकार कसे पाडले आणि पाडलेले प्रकार त्याला पुन्हा का मोडावे लागले, हा तो प्रश्न होय.

देवासाहून दहा-बारा कोसांवर उज्जयिनी आहे. भारतीय ज्योतिषाची मध्यरेषा या नगरीवरून जाते आणि सहाव्या शतकातील वराहमिहिराचे नाव तिच्याशी कायमचे जोडले गेले आहे. त्याच्या बृहत्संहितेत ‘केतुचार’ नावाचा एक अध्याय आहे. केतू म्हटले की आपल्यासमोर शेपटाचा धूमकेतू उभा राहतो. पण वराहमिहिराचा केतू याहून व्यापक आहे. केतूचा उदय आणि अस्त गणिताने जाणता येत नाही, असे तो आरंभीच सांगून टाकतो. ग्रहणाची घटका सांगणाऱ्या शास्त्रज्ञाने आपल्या गणिताची सीमा इतक्या स्पष्टपणे कबूल करावी, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. पुढे तो केतूंचे स्थानावरून तीन वर्ग करतो: दिव्य, आंतरिक्ष आणि भौम. जेथे अग्नी नाही तेथे अग्नीसारखे दिसणारे ते केतुरूप, अशी व्याख्या देऊन लगेच तो एक सावधगिरीची सूचना करतो की, काजवे, पिशाच्चांच्या ठिकाणी दिसणारा उजेड, मणी आणि रत्ने यांना या हिशेबातून वगळावे. केतू किती, याविषयी पूर्वाचार्यांत एकमत नव्हते, हेही त्याने लपविलेले नाही. कोणी १०१ म्हणत, कोणी १०००, आणि नारदाच्या मते केतू एकच असून तोच नाना रूपे घेतो. केतू जितके दिवस दिसेल तितके महिने त्याचे फळ भोगावे लागते, हे त्या अध्यायातील फलित आज कोणी मानणार नाही. परंतु त्या फलितासाठीसुद्धा दर्शनाचे दिवस मोजणे भाग होते, आणि मोजणे ही शास्त्राची पहिली पायरी होय.

या अध्यायातील चार गोष्टी आपण मनात ठेवू या. ही घटना आधी सांगता येत नाही. खोट्या तेजाला खऱ्यातून बाजूला काढावे लागते. तेज कोठले आहे हे ठरवावे लागते. आणि ते किती काळ टिकले हे मोजावे लागते. दीड हजार वर्षांनंतर, ज्या किरणांची वराहमिहिराला कल्पनाही नव्हती त्या किरणांचा शोध घेताना, शास्त्रज्ञांना याच चार पायऱ्या चढाव्या लागल्या.

आता धारेकडे येऊ. भोजराजाने सुमारे १०१० पासून १०५५ पर्यंत राज्य केले. अल्बेरूनीने १०३० च्या सुमारास आपला भारतवर्णनाचा ग्रंथ लिहिला, त्यात धार ही माळव्याची राजधानी आणि भोजदेव हा तेथील राजा असल्याचा उल्लेख आहे. भोजाच्या नावावर ‘राजमृगांक’ हा ज्योतिषाचा करणग्रंथ आहे. त्याचा आरंभकाल शके ९६४, म्हणजे १०४२ हे वर्ष. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या आपल्या थोर ग्रंथात त्याची चिकित्सा केली आहे. राजमृगांकाचे महत्त्व त्यातील बीजसंस्कारात आहे. जुन्या सिद्धांताची गणिते शतकानुशतके चालविली की ग्रह पुस्तकात एका जागी आणि आकाशात दुसऱ्या जागी दिसू लागतो. तो फरक ओळखून गणितात जी दुरुस्ती करावयाची तिला बीज म्हणतात. ब्रह्मगुप्ताच्या गणिताला राजमृगांकात जे बीज दिले आहे, तेच पुढे भास्कराचार्यांनी स्वीकारले. भास्कराचार्यांच्या घराण्याचा धारेशी याहूनही जवळचा संबंध होता. चाळीसगावाजवळच्या पाटण येथील शिलालेख भाऊ दाजींनी प्रकाशात आणला. त्यात या घराण्यातील भास्करभट्ट नावाच्या पूर्वजाला भोजराजाने ‘विद्यापती’ ही पदवी दिल्याचे सांगितले आहे. सारांश, अकराव्या शतकाच्या मध्याला धारेत आकाशाची जाण असलेली, पुस्तकापेक्षा दृक्प्रत्ययाला मान देणारी माणसे होती.

आणि नेमक्या याच काळात आकाशात एक असाधारण घटना घडली. १०५४ सालच्या जुलै महिन्याच्या ४ तारखेस चीनमधील राजज्योतिषांनी पूर्वेच्या आकाशात पहाटे एक नवा तारा पाहिला. त्याला त्यांनी ‘पाहुणा तारा’ म्हटले. वृषभ राशीत, रोहिणीच्या पूर्वेस, बैलाच्या एका शिंगाच्या टोकाजवळ त्याचे स्थान होते. २३ दिवस तो भर दिवसा शुक्रासारखा दिसत होता आणि एकूण ६५३ दिवसांनी नजरेआड झाला. जपानात त्याची नोंद झाली; बगदादकडील इब्न बुत्लान या वैद्याच्या लेखनातही तिचे प्रतिध्वनी आढळतात. भारतातील निर्विवाद म्हणता येईल अशी नोंद मात्र अद्याप पुढे आलेली नाही.

हे मौन विचार करावयास लावणारे आहे. तो तारा धारेहून दिसत नव्हता, असे म्हणण्यास जागा नाही. उलट, धारेचे अक्षांश आणि त्या ताऱ्याची क्रांती यांत इतके थोडे अंतर होते की तो धारेच्या जवळजवळ डोक्यावरून जात असला पाहिजे. जुलैच्या आरंभी माळव्यावर पावसाळी ढग असतात, त्यामुळे पहिले तेजस्वी दिवस झाकोळून गेले असतील, हे संभवते. पण चातुर्मास संपल्यानंतर मार्गशीर्ष-पौषाच्या निरभ्र रात्रींत, उजेड पुष्कळ ओसरला असला तरी, तो तारा नुसत्या डोळ्यांनी दिसण्याजोगा होता. कोणी तरी तो पाहिला असेल, कोणी त्याला उत्पात समजून शांतीही केली असेल. भोजाच्या कारकिर्दीची ती अखेरची वर्षे होती. राज्यावर चहूकडून संकटे येत होती. परंतु जे पाहिले गेले ते तिथी, स्थान आणि कालावधी यांसह लिहून ठेवले गेले नाही, किंवा लिहिलेले टिकले नाही. दोहोंचा परिणाम एकच. आपल्याकडील करणग्रंथांचा सगळा भर जे गणिताने येते त्यावर होता. जे गणितात येत नाही त्याला वही नव्हती. त्याला फक्त शांतिविधी होता.

चिनी दप्तराने काय साधले ते पाहिले म्हणजे ही हानी कळते. त्या जागी दुर्बिणीतून धुरकट तेजाचा एक मेघ दिसतो. त्याला खेकडा-नीहारिका म्हणतात. जुन्या आणि नव्या छायाचित्रांची तुलना करून हा मेघ पसरत असल्याचे विसाव्या शतकात लक्षात आले. १९२८ साली एडविन हबल यांनी हिशेब उलट दिशेने मांडून दाखविले की हा विस्तार सुमारे ९०० वर्षांपूर्वी सुरू झाला असावा. चिनी नोंदीतील साल हाताशी नसते तर तो केवळ एक अंदाज राहिला असता. नोंद होती म्हणून एका प्रचंड ताऱ्याच्या मृत्यूची तारीख मिळाली. १९६८ साली त्या मेघाच्या पोटात सेकंदाला सुमारे ३० वेळा गरगरणारा न्यूट्रॉन तारा सापडला आणि मेलेल्या ताऱ्याचे कलेवरही ओळखता आले.

येथवर आपण डोळ्यांना दिसणाऱ्या तेजाविषयी बोललो. पण आकाशातील सर्वांत प्रखर स्फोट डोळ्यांना दिसत नाहीत. रुग्णालयातील क्ष-किरण आपल्या परिचयाचे आहेत. त्यांच्याहूनही अधिक ऊर्जेचे ते गॅमा-किरण. आपले वातावरण त्यांना वरच्या वर अडविते, म्हणून पृथ्वीवर जीवसृष्टी सुखरूप आहे. आणि म्हणूनच त्यांचा वेध घ्यावयाचा तर वातावरणाच्या बाहेर जावे लागते.

या किरणांच्या स्फोटांचा शोध लागला तो ज्योतिषांना नव्हे, तर पहारेकऱ्यांना. १९६३ साली अमेरिका, ब्रिटन आणि सोव्हिएत संघ यांच्यात वातावरणात, अवकाशात व पाण्याखाली अण्वस्त्रांच्या चाचण्या न करण्याचा करार झाला. करार कोणी मोडीत नाही ना, हे पाहण्यासाठी अमेरिकेने त्याच वर्षापासून ‘वेला’ नावाचे उपग्रह जोडीजोडीने सोडले. अणुस्फोटातून गॅमा-किरण बाहेर पडतात, ते टिपणे हे त्यांचे काम. १९६७ सालच्या जुलैच्या २ तारखेस या उपग्रहांनी एक झोत टिपला. पण त्याची चढउतार अणुस्फोटासारखी नव्हती. लॉस अलामॉस येथील रे क्लेबसाडेल आणि त्यांचे सहकारी नोंदी चाळीत राहिले. पुढे अधिक सूक्ष्म वेळ नोंदविणारे उपग्रह वर गेले. एकच झोत दोन उपग्रहांवर सेकंदाच्या अंशाइतक्या फरकाने पोहोचला, तर त्या फरकावरून तो कोणत्या बाजूने आला हे काढता येते. या रीतीने त्यांनी पृथ्वी वगळली आणि सूर्यही वगळला. १९७३ साली क्लेबसाडेल, स्ट्राँग आणि ओल्सन यांनी असे १६ स्फोट जगासमोर मांडले. काजवे आणि रत्ने वगळावयाची, ही जी जुनी सूचना आपण पाहिली, तिचीच ही नवी आवृत्ती होती.

मग मतांचा पूर लोटला. हे स्फोट कशाचे? पुढच्या वीस वर्षांत शंभराहून अधिक उपपत्त्या पुढे आल्या. वराहमिहिराने नोंदविलेल्या १०१ केतूंची येथे आठवण झाल्यावाचून राहत नाही. उपपत्ती पुष्कळ आणि पुरावा थोडा, अशी स्थिती असली की वर्गीकरणाला विशेष महत्त्व येते. १९७९ सालच्या मार्चच्या ५ तारखेस एक अत्यंत तीव्र स्फोट झाला. अनेक यानांवरील नोंदींवरून त्याची दिशा आपल्या आकाशगंगेच्या शेजारच्या मॅगेलन मेघाकडची ठरली, आणि त्याच ठिकाणाहून पुढे पुन्हा लहान झोत आले. एकदाच होणारे स्फोट निराळे आणि पुन्हापुन्हा होणारे निराळे, हा पहिला विभाग असा पडला. पुन्हापुन्हा झोत सोडणारे हे न्यूट्रॉन तारे विलक्षण प्रबळ चुंबकत्वाचे असल्याचे पुढे ठरून त्यांना ‘मॅग्नेटार’ हे नाव मिळाले.

एकदाच होणाऱ्या स्फोटांचे कोडे मात्र तसेच होते. १९९१ साली कॉम्प्टन वेधशाळा अवकाशात गेली. तिच्यावरील ‘बॅट्से’ या यंत्राने नऊ वर्षांत २,७०४ स्फोटांची नोंद केली, म्हणजे दिवसाला सुमारे एक. ते आकाशात कोठे पडतात हे नकाशावर मांडले, तेव्हा सर्वत्र सारखे विखुरलेले दिसले. पाहुणे आपल्याच गावचे असते तर ते गावाच्या मोठ्या गल्लीच्या बाजूने अधिक आले असते, म्हणजेच आकाशगंगेच्या पट्ट्यात त्यांची दाटी झाली असती. ते सर्व दिशांनी सारखे येत होते. तेव्हा ते फार दूरचे असावेत, हे अनुमान बळावले. दुसरी गोष्ट कालावधीची. १९९३ साली क्रिसा कुव्हेलिओटू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की या स्फोटांचे दोन गट पडतात: २ सेकंदांहून अल्प आणि २ सेकंदांहून दीर्घ. अल्प स्फोटांचे किरण सामान्यतः अधिक कठोर, दीर्घांचे मृदू. दर्शनाचा काळ मोजण्याला पुन्हा महत्त्व आले. फक्त दिवसांच्या जागी सेकंद आले.

परंतु दूर म्हणजे किती दूर? या प्रश्नाच्या उत्तराशी एका मराठी नावाचा संबंध आहे. श्रीनिवास कुलकर्णी यांचा जन्म १९५६ साली कुरुंदवाड येथे झाला. कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळचे, पटवर्धनांच्या संस्थानाचे हे गाव आपल्याला ठाऊक आहे. दिल्लीच्या आयआयटीत शिकून ते अमेरिकेस गेले आणि कॅलटेक या संस्थेत प्राध्यापक झाले. १९९७ च्या फेब्रुवारीत बेप्पोसॅक्स या इटालियन-डच उपग्रहामुळे प्रथमच एका स्फोटानंतर मागे रेंगाळणारा क्ष-किरणांचा आणि दृश्य प्रकाशाचा मंद उजेड सापडला. निखारा विझताना जशी धग मागे राहते तसा तो प्रकार. त्याच वर्षी मेच्या ८ तारखेस दुसरा स्फोट झाला. कुलकर्णी ज्यात होते त्या कॅलटेकच्या गटाने हवाईतील १० मीटर व्यासाच्या केक दुर्बिणीने त्या मंद उजेडाचा वर्णपट घेतला. त्यातील रेषा लांबड्या लहरींच्या बाजूला सरकलेल्या होत्या. त्या सरकण्यावरून हिशेब केला तो असा की, तो प्रकाश आपल्याकडे यावयास निदान ७ अब्ज वर्षे लागली असली पाहिजेत. एका वर्णपटाने वीस वर्षांचा वाद मिटला. हे पाहुणे आपल्या आकाशगंगेचे नव्हते.

एक कोडे सुटले की दुसरे उभे राहते. इतक्या दुरून इतके तेज दिसावयाचे तर मूळचा स्फोट किती प्रचंड असला पाहिजे! १९९९ सालच्या जानेवारीच्या २३ तारखेचा स्फोट सर्व दिशांना सारखा झाला असे धरले, तर संपूर्ण सूर्याचे वस्तुमान ऊर्जेत रूपांतरित केले तरी ती ऊर्जा पुरली नसती. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मागाहूनच्या उजेडाचे मंदावणे बारकाईने तपासून असा निष्कर्ष काढला की, हा स्फोट गोलाकार नसून टॉर्चच्या झोतासारखा अरुंद असावा. ज्यांचा झोत आपल्याकडे वळलेला असतो तेवढेच आपल्याला दिसतात. २०२४ साली त्यांना जो शॉ पुरस्कार मिळाला, तो अशाच अवचित आणि बदलत्या ज्योतींच्या संशोधनासाठी.

हळूहळू दोन्ही गटांची कुळे कळली. २००३ सालच्या मार्चमधील एका दीर्घ स्फोटाच्या मागून अतिनवताऱ्याचा स्पष्ट वर्णपट मिळाला. प्रचंड तारा स्वतःच्याच भाराने कोसळला की दीर्घ स्फोट होतो हे त्यावरून निश्चित झाले. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळल्याची गुरुत्वलहर आली आणि तिच्या मागोमाग १.७ सेकंदांनी एक अल्प स्फोट टिपला गेला. अल्प स्फोटांचे कूळही असे मिळाले. सोने, प्लॅटिनम यांसारखे जड धातू अशा टकरींत निपजतात, हेही त्या घटनेने दाखविले. आपल्या घरातील मंगळसूत्राच्या सोन्याचे मूळ अशाच एखाद्या पुरातन टकरीत असण्याचा संभव आहे.

याच्या काही महिने आधीची एक हकिकत मला सविस्तर सांगावयाची आहे, कारण ती आपल्या मुंबई-पुण्याची आहे. २८ सप्टेंबर २०१५ रोजी ‘अॅस्ट्रोसॅट’ ही भारताची पहिली खगोलीय वेधशाळा श्रीहरिकोटा येथून ६५० किलोमीटर उंचीच्या कक्षेत गेली. तिच्यावर कॅडमियम-झिंक-टेल्युराइडच्या स्फटिकांचे एक यंत्र आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने इतर संस्थांच्या साहाय्याने ते घडविले आणि त्याच्या नोंदींचे काम पुण्याच्या ‘आयुका’कडे आले. स्फटिकांचे ६४ तुकडे, प्रत्येकात २५६ चौकटी, अशी त्याची रचना आहे. ते मूळचे एका दिशेला पाहणारे; परंतु फार ऊर्जेचे किरण यंत्राच्या भिंतींतून आरपार जातात, त्यामुळे बाजूने आलेला स्फोटही त्याला कळतो. ६ ऑक्टोबर २०१५ रोजी यंत्र सुरू झाले आणि पहिल्याच दिवशी त्याने एक स्फोट टिपला.

४ जानेवारी २०१७ रोजी अमेरिकेतील लायगो यंत्रांना दोन कृष्णविवरांच्या मिलनाची गुरुत्वलहर मिळाली. ती ज्या दिशेने आली असण्याचा संभव होता, त्या विस्तीर्ण पट्ट्यात हवाईतील ‘अॅटलास’ दुर्बिणींना झपाट्याने मंदावणारा एक तेजोबिंदू दिसला. जागा जुळत होती, वेळही जुळल्यासारखी वाटत होती. हा बिंदू त्या मिलनाचा असेल, तर कृष्णविवरांच्या टकरीतूनही प्रकाश निघतो असे ठरणार होते आणि प्रचलित समजूत उलटीपालटी होणार होती. जगभर धावपळ उडाली. अॅस्ट्रोसॅटच्या गटातील वरुण भालेराव, दीपंकर भट्टाचार्य आदी मंडळींनी आपल्या वह्या उघडल्या. गुरुत्वलहरीच्या क्षणी त्यांच्या यंत्रासमोर संभाव्य पट्ट्याचा सुमारे निम्मा भाग होता. त्यात काहीही आढळले नाही. पण दुसऱ्या दिवशी, ५ जानेवारीस, एका दीर्घ गॅमा-किरण स्फोटाची नोंद त्यांना मिळाली. तेजोबिंदूचे मंदावणे उलट मोजीत गेल्यावर त्याचे नाते या स्फोटाशी जुळले. दोन पाहुणे एकाच दारी एका दिवसाच्या अंतराने आले होते आणि लोक त्यांना एकच समजत होते. त्यांची गल्लत वेळेच्या नोंदीने दूर केली. येथे कोणताही नवा तारा सापडला नाही. एक चुकीचा शोध मात्र टळला. शास्त्रात याची किंमत कमी नाही.

खऱ्याखोट्याची निवड किती नाजूक असते, याचे एक उदाहरण गमतीचे आहे. २००७ साली ऑस्ट्रेलियातील पार्क्स दुर्बिणीच्या जुन्या नोंदींत रेडिओ लहरींचा एक क्षणिक, दूरवरचा झोत सापडला. त्याच दुर्बिणीवर तशाच दिसणाऱ्या काही झोतांचे मूळ शोधता शोधता २०१५ साली असे आढळले की, मायक्रोवेव्ह शेगडी बंद होण्यापूर्वीच कोणी दार उघडले की हे झोत येतात! तो काजवा होता. मूळचा झोत मात्र खरा ठरला. आज तसे असंख्य झोत ज्ञात आहेत. जुन्नर तालुक्यातील खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीनेही त्यांतील पुन्हापुन्हा येणारे झोत ऐकले आहेत. २८ एप्रिल २०२० रोजी असा एक झोत आपल्याच आकाशगंगेतील मॅग्नेटारकडून आला, आणि या पाहुण्यांपैकी एकाचे तरी घर सापडले.

आता कोणी म्हणेल की, अल्प म्हणजे टक्कर आणि दीर्घ म्हणजे ताऱ्याचे कोसळणे, हे कोष्टक तरी पक्के झाले. तसे झाले नाही. २६ ऑगस्ट २०२० रोजी सुमारे एका सेकंदाचा स्फोट झाला. तो टकरीचा नसून कोसळणाऱ्या ताऱ्याचा निघाला. ११ डिसेंबर २०२१ रोजी जवळजवळ ५० सेकंदांचा स्फोट झाला. त्याच्या मागच्या उजेडात टकरीची खूण मिळाली. त्या वेधांत नैनितालजवळील देवस्थळच्या ३.६ मीटर दुर्बिणीचाही वाटा होता. दोन सेकंदांची सीमा दोन्ही बाजूंनी ओलांडली गेली. यात खेद करण्याचे कारण नाही. जुन्या गणितात आणि आकाशात फरक पडला की बीज द्यावयाचे, हा धडा राजमृगांकाने आपल्याला दिलेला आहे. वर्गीकरण हे मोजमापाचे साधन असते; ते आकाशावर लादावयाचे नसते.

अॅस्ट्रोसॅट पाच वर्षांच्या हेतूने सोडली होती. तिच्या या यंत्राने २०२३ च्या नोव्हेंबरात आपल्या ६०० व्या स्फोटाची नोंद केली. यंत्रे जुनी होतात. पहारा अखंड चालावयाचा तर दुसरा पहारेकरी वेळेवर उभा करावा लागतो. मुंबईच्या आयआयटीने इतर संस्थांसह ‘दक्ष’ नावाच्या दोन उपग्रहांची योजना मांडली आहे, तीत हाच विचार आहे. पृथ्वीच्या दोन बाजूंना दोन उपग्रह असले की सारे आकाश एकाच वेळी नजरेखाली राहते. ज्या दिवशी पहारा नसतो त्या दिवशीचा स्फोट कायमचा गेला; तो पुन्हा दाखविता येत नाही.

शेवटी पुन्हा धारेच्या आकाशाकडे येतो. गॅमा-किरण यंत्राच्या एका चौकटीवर आदळून शेजारच्या चौकटीत उडतो, तेव्हा त्या उडण्याच्या दिशांवरून किरणांचे ध्रुवण मोजता येते. ही पद्धत वापरून संतोष वडवळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अॅस्ट्रोसॅटच्या नोंदींतून एका ताऱ्याच्या कठोर क्ष-किरणांचे ध्रुवण मोजले. ताऱ्याचा स्पंद मावळलेला असतो त्या काळातच ते ठळकपणे बदलते, असा अनपेक्षित निष्कर्ष त्यांनी २०१७ सालच्या नोव्हेंबरात प्रसिद्ध केला. हा तारा कोणता? खेकडा-नीहारिकेच्या पोटातला, १०५४ साली धारेच्या डोक्यावरून गेलेल्या त्याच पाहुण्याचा अवशेष. भोजाच्या नगरीत ज्याची नोंद राहिली नाही, त्याची नोंद ९६३ वर्षांनी भारतीय यंत्राने केली. ही भरपाई निम्मीच आहे. त्या पहिल्या पहाटेचे तेज आता कोणालाही मोजता येणार नाही. पुढचा पाहुणा कधी येईल हे वराहमिहिरालाही सांगता येत नव्हते आणि आजच्या शास्त्रज्ञांनाही येत नाही. तो येईल तेव्हा आपल्याकडे कोणी जागे असावे आणि त्याच्यासमोर वही उघडी असावी, एवढे मात्र आपल्या हाती आहे.